दहा शब्दांना एक दाणा

सोपान गुरुजींनी माझ्या धाकट्या बहिणीला ठार केलं तेव्हा ती स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. ठार केलं म्हणजे कागदावर. महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास, बाराव्या पानाच्या तळाशी. मला हे इतकं नेमकं माहीत आहे, कारण त्या पानावरचे शब्द मी मोजले होते.

गुरुजी माझ्या बहिणीचे, शेवंताचे नवरे. गेल्या उन्हाळ्यात वारले. त्यांच्यासोबत लिहिणारी नसरीन परवा नांदेडला माझ्याकडे आली आणि म्हणाली, "खाला, आम्ही सरांवर एक लहानसं पुस्तक काढायलोत. तुम्ही पण लिहा." मी म्हटलं, माझी चौथी झालेली, आणि मला गुरुजींबद्दल चांगलं लिहिता येणार नाही. ती म्हणाली, "चांगलंच लिहा असं कुठं म्हणाले मी?" मग मी वही घेतली.

गुरुजी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेचे मास्तर होते. पहिली बरीच वर्षं रेणापूरकडच्या एका वस्तीशाळेवर गेली. बस सडकेवर सोडायची, पुढं पायी. पावसाळ्यात चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पण शर्टाची इस्त्री मोडलेली कुणी पाहिली नाही. इस्त्री शेवंता करायची, तांब्यात निखारे घालून. तिच्या उजव्या मनगटावर त्या तांब्याचा डाग आहे, करंजीच्या आकाराचा.

निवृत्त झाल्यावरही शर्ट तसाच. घरात बसून लिहायचं असलं तरी आधी दाढी, अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. एक निळं, एक लाल. शाळा सुटली तरी लाल पेनाचं काम सुटलं नव्हतं. घरी लग्नपत्रिका आली की दुरुस्त होऊनच कपाटावर जायची. एकदा तर त्यांनी मुलाच्या सासऱ्यांना त्यांचीच पत्रिका दुरुस्त करून परत पाठवली होती. शेवंता "न्हाई" म्हणाली की ते लगेच "नाही" म्हणायचे, वर्गात म्हणावं तसं, तिच्याकडं न पाहता. सत्तेचाळीस वर्षं ते तिला सुधारत राहिले आणि सत्तेचाळीस वर्षं ती "न्हाई" म्हणत राहिली.

माणूस वाईट नव्हता. हे आत्ताच लिहून ठेवते, पुढं लिहिण्याच्या भरात राहून जाईल. मुलींवर त्यांनी कधी छडी उचलली नाही. त्या वस्तीवर आम्हा बौद्धांच्या पोरांना मागं बसवायची रीत होती. गुरुजींनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना उंचीप्रमाणे बसवलं, आणि पाटील येऊन बोलून गेला तरी जागा बदलल्या नाहीत. माझा नवरा वारला तेव्हा ते लातूरहून आले, तीन दिवस राहिले आणि पेन्शनचे सगळे अर्ज त्यांनी लिहून दिले. स्वच्छ अक्षर, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, सगळं खरं. गुरुजींचं मी पुढं पुष्कळ वाचलं. त्या अर्जांइतकं चांगलं त्यांनी काही लिहिलं नाही.

लातुरात लिहिणाऱ्या नऊ जणांचा एक गट होता. त्यात एक वकील होते, दोघं-तिघं मास्तर होते, आणि सगळ्यांत लहान ही नसरीन. ती नवऱ्याच्या चपलांच्या दुकानात बसून मोबाइलवर लिहायची. गिऱ्हाईक आलं की कादंबरी बाजूला, सात नंबरची जोडी काढून दिली की कादंबरी परत सुरू. या लोकांनी ठरवलं की प्रत्येकाने एका महिन्यात एक अख्खी कादंबरी लिहायची. रोज दीड हजार शब्द, तीस दिवस, पंचेचाळीस हजार. मागचं खोडायचं नाही, दुरुस्ती महिना संपल्यावर. रोज संध्याकाळी आपला आकडा ग्रुपवर टाकायचा. रविवारी जमायचं आणि ज्याने त्याने आपलं थोडं वाचून दाखवायचं. जमायचं ते गुरुजींच्या घरी, कारण बैठक मोठी होती आणि शेवंताच्या हातची सुशीला सगळ्यांना आवडायची. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट. नऊ लेखकांना किलोभर चुरमुरे लागायचे.

गुरुजी कादंबरी लिहिणार हे मी त्यांच्या लग्नापासून ऐकत आले होते. आधी शाळेचं इन्स्पेक्शन आडवं आलं, मग जनगणना, मग निवडणूक, मग मुलाची बारावी. मुलगा पुण्याला गेला, शाळा संपली, आडवं यायला काही उरलं नाही. "सत्तरी आली, अक्का," ते मला म्हणाले. "आता सबब नाही."

मी तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यासाठी लातूरला शेवंताकडे राहायला आले होते. त्यामुळे या भानगडीत सापडले.

झालं असं की बाकीचे आठ जण मोबाइलवर लिहायचे, त्यांचे शब्द मोबाइलच मोजायचा. गुरुजी हाताने लिहायचे, रेघांच्या तावांवर. पहिल्या दिवशी त्यांनी सोळाशे असा आकडा टाकला. वकिलांनी चेष्टा केली, "गुरुजी, पुरावा?" गुरुजी चिडले. दुसऱ्या दिवशी सगळे घरी आले आणि चहा पिता पिता वाद सुरू झाला. शेवटी नसरीन म्हणाली, "भांडायलेत कशाला? ह्या खाला गिनतील."

"वाचता येतं का त्यांना?" वकिलांनी मला नाही, गुरुजींना विचारलं.

"चौथी झाली आहे," गुरुजी म्हणाले. "मोजण्यापुरतं येतं. साहित्य त्यांना कळत नाही, त्यामुळे पक्षपात होणार नाही."

सगळ्यांना ते पटलं. शब्द मोजायचे तर ते वाचावे लागतात, हे नऊ लेखकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नांदेडच्या डाळ मिलमध्ये मी सव्वीस वर्षं निवडणीला होते. माझी रीत मी तिथूनच घेतली. समोर दोन वाट्या, एकीत तुरीची डाळ, दुसरी रिकामी. दहा शब्द झाले की एक दाणा इकडून तिकडे. पान संपलं की दाणे मोजायचे. सगळी पानं झाली की ते दाणे एका बरणीत टाकायचे, म्हणजे हिशेब चुकला तर बरणी साक्षीला. दीड हजार शब्दांचे दीडशे दाणे. गुरुजींना आधी ते हसू आलं. मग चार दिवसांत ते स्वतःच विचारायला लागले, "अक्का, आज किती दाणे?"

दाण्यांवरून मला त्यांचं पुष्कळ कळायला लागलं. संध्याकाळी आकडा कमी पडतो असं दिसलं की त्यांच्या कादंबरीतला माणूस रडायला लागायचा. तो रडला, पुन्हा रडला, उशीत तोंड खुपसून कितीतरी वेळ रडला. झाला एक दाणा.

आता त्या कादंबरीविषयी. तिच्यात एक मास्तर असतो. त्याची बायको सुगंधा बाराव्या पानावर मरते आणि उरलेलं पुस्तकभर तो तिची आठवण काढतो. सुगंधाच्या उजव्या मनगटावर करंजीच्या आकाराचा डाग असतो. तो डाग वाचला तेव्हा माझ्या हातातला दाणा खाली पडला आणि मला ती ओळ पहिल्यापासून मोजावी लागली.

बाकी सुगंधा शेवंतासारखी नव्हती. ती "नाही" म्हणायची. ती हळू बोलायची, चांदण्याकडे बघायची, संध्याकाळी अंगणातल्या तुळशीपुढं दिवा लावायची. शेवंताच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लागते. आमच्या नात्यागोत्यात कुणाच्या अंगणात तुळस नाही. मी गुरुजींना तेवढंच विचारलं. "गुरुजी, ही तुळस कुठून आणली?"

"कादंबरीत बरी दिसते," ते म्हणाले. "साहित्यात चालतं, अक्का."

"आणि बाई मारली कशाला?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "जिवंत बायकोवर काय लिहिणार? ती तर समोर असते."

ती समोरच होती. दारातून आत येऊन टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवत होती. तिला ऐकू गेलं नाही, कुटून कुटून कान बधिर झाले होते. लिहिताना मिक्सर चालू करू नको म्हणून तिला सांगितलेलं होतं आणि ती शेंगदाणे खलबत्त्यात कुटून घामाघूम झाली होती. तिने मला विचारलं, "काय लिहायलेत गं एवढं?" शेवंता सातवी शिकली आहे, माझ्यापेक्षा तीन यत्ता जास्त. तिला कुणी वाचू नको म्हटलं नव्हतं. कुणी वाचायलाही दिलं नव्हतं. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं."

हे मी खोटं बोलले. तेव्हा मला वाटलं, महिनाभराचा खेळ आहे, कागद माळ्यावर जातील. या वयात घरात वाद कशाला. माझी एवढी चूक मी इथं लिहून ठेवते.

चौदाव्या दिवशी टोपडं आलं.

शेवंताला पहिली मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं, त्याआधीच गेली. आमच्या आईने तिच्यासाठी हिरव्या खणाचं टोपडं शिवलं होतं. दहाव्या दिवशी गुरुजी शाळेत गेले, इन्स्पेक्शन होतं. त्यानंतर त्या मुलीबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. शेवंता एकदा बोलायला गेली, तर म्हणाले, "झालं ते झालं." तिने ते टोपडं ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवलं. हे तिला, मला आणि गुरुजींना, एवढंच तिघांना माहीत.

कादंबरीत मास्तर बायको मेल्यावर ट्रंक उघडतो, त्याला टोपडं सापडतं, आणि तो ते छातीशी धरून बसतो. मुलीची आठवण पुढं किती तरी पानं चालते. तिचे डोळे, तिच्या मुठी, तिचं रडणं. ते सगळं बरोबर होतं. म्हणजे त्या माणसाने त्या मुलीला नीट पाहिलं होतं. पंचेचाळीस वर्षं सगळं जसंच्या तसं आत ठेवलं होतं, आणि ते त्याने बायकोला दिलं नाही, तावांवर लिहून आठ परक्या लोकांना दिलं. आणि मुलीला नाव दिलं होतं. कस्तुरी.

मी त्या दिवशी दोनदा मोजलं. आकडा बरोबर होता.

तिसऱ्या रविवारी गुरुजींनी तेच वाचायला घेतलं. बैठकीत सगळे जमले होते. गुरुजी वाचायचे सुरेख, शाळेत धडा वाचून दाखवायची सवय. वकिलांनी चष्मा काढून डोळे पुसले. नसरीनने ओढणी तोंडाला लावली होती. शेवंता चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता उठावं, तिला आत न्यावं. गुडघ्याने उठू दिलं नाही असं मी पुढं कित्येकांना सांगितलं. खरं म्हणजे मी उठलेच नाही.

"काय नाव ठिवलं म्हणलात?" शेवंताने विचारलं.

गुरुजी थांबले. "अगं, वाचन चाललंय."

"चालू द्या की. पोरीचं नाव काय म्हणलात?"

"कस्तुरी."

"कुणी ठिवलं?"

"शेवंता, कादंबरी आहे ही. साहित्यात चालतं."

"नऊ दिस होती ती," शेवंता बाकीच्यांना म्हणाली, जणू तेच तिला समजून घेणार होते. "बाराव्याला नाव ठिवायचं होतं. पंचेचाळीस वर्सं ह्या मानसानं माझ्याजवळ तिचा शब्द काढला न्हाई."

 मग तिने विचारलं, "आन ही सुगंधा कोण?"

वकील पुढं सरकले. "वहिनी, हे सगळं काल्पनिक असतं."

तिने ट्रे खाली ठेवला आणि उजवा हात पुढं करून मनगट दाखवलं. "हे काल्पनिक हाय का, वकीलसाहेब?" मग ती शांतपणे म्हणाली, "चहा घ्या. मेलेल्या बाईच्या हातचा हाय, गार व्हायच्या आत घ्या."

एकाचाही हात कपाला लागला नाही. पाच मिनिटांत सगळे चपला शोधायला लागले. नसरीन तेवढी थांबली.

सगळे गेल्यावर शेवंताने गुरुजींच्या टेबलाचा खण उघडला. टोपडं तिथंच होतं, लाल पेनाच्या रिफिलांच्या पुडक्याजवळ. लिहिताना समोर ठेवायला त्यांनी ते ट्रंकेतून काढलं होतं आणि परत ठेवलं नव्हतं. तिने ते पदराला पुसलं.

"मला मारलं त्याचं काही न्हाई," ती म्हणाली. "आज ना उद्या मरनारच हाय मी. तेवढी पोरगी काढा त्याच्यातनं."

"महिना संपू दे. मग बघू."

"आज काढा."

गुरुजी खुर्चीत बसले. त्यांनी ताव चाळले, खुणा केल्या आणि ते ताव माझ्यापुढं ठेवले. "अक्का, मोजा बरं. किती जातात?"

मी मोजले. हे मी का केलं ते मला आजही सांगता येत नाही. सतरा-अठरा दिवसांची सवय लागली होती. शेवंता उंबऱ्यावर बसून बघत होती आणि मी तिच्या मुलीचे शब्द मोजत होते, दहाला एक दाणा. तीनशे ऐंशी दाणे झाले.

"अडतीसशे," मी सांगितलं.

नसरीनने बोटांवर हिशेब केला. "सर, अकरा दिवस आहेत. रोज साडेतीनशे जास्ती लिहायचे, बस. होतंय. नियमाचं मी बघते, ग्रुपवर कोण काय बोलत न्हाई. आम्ही पण थांबतो पायजे तर."

गुरुजी तावांकडं बघत राहिले. मला वाटलं, काढतात. त्यांनी लाल पेन खिशातून काढलंसुद्धा. टोपण उघडलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या पत्रिका, पाट्या, बोलणी खोडणारा माणूस. मग त्यांनी टोपण परत लावलं.

"ती काढली तर ह्याच्यात राहतं काय?" ते म्हणाले.

महिनाभरात ते तेवढं एक खरं बोलले. त्या कादंबरीत तेवढंच जिवंत होतं, बाकी सगळी तुळस आणि चांदणं. पण शेवंताला कादंबरीत काय राहतं याचं काही पडलेलं नव्हतं. तिने वाट पाहिली. गुरुजींनी ताव जुळवले, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. ती उठली आणि आत गेली.

सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी नांदेडला निघालो. गुरुजी पुढच्या खोलीत लिहीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट होता, आदल्या दिवशीच करून ठेवलेला. आम्ही पिशव्या घेऊन दारातून गेलो तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "मग मोजणार कोण?"

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. शेवंता तोपर्यंत बोलली नव्हती. लोक चहाला उतरले तेव्हा म्हणाली, "अक्का, तुला ठावं होतं?"

"हाव."

"कधीपासनं?"

"तिसऱ्या दिसापासनं."

"आन पोरीचं?"

"चौदाव्या."

तिने खिडकीबाहेर तोंड केलं. नांदेड येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्यानंतरही आठवडाभर कामापुरतंच बोलली.  

गुरुजींनी कादंबरी पूर्ण केली. तीस दिवसांत, शेहेचाळीस हजारांच्या वर. नऊ जणांपैकी चौघांनीच पुरी केली. नसरीनची राहिली, तिच्या दुकानात सणाची गर्दी होती. पुढं गुरुजींची छापली. दुरुस्तीला त्यांनी चार महिने घेतले, असं नसरीन सांगत होती. वेलांट्या सगळ्या सुधारल्या. कस्तुरी तशीच ठेवली.

पुस्तक आल्यावर ते नांदेडला आले. एकदाच. माझ्या घरी खुर्चीत बसले. शेवंता खाली बसून मेथी निवडत होती. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून तिच्याजवळ ठेवलं, मग दोरीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा काढला. "बघ," ते म्हणाले. "लोक किती रडलेत तुझ्यासाठी."

मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली. पण ते हे दुष्टपणाने बोलले नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की हे ऐकून तिला बरं वाटेल. त्यांचा चेहरा बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता.

शेवंताने हात पुसले आणि वरचं पत्र उघडलं. औशाच्या एका माणसाचं होतं. तिने ओठ हलवत सावकाश वाचलं. तुमच्या पत्नीच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली वगैरे. मग माझ्याकडे पोस्टकार्ड मागितलं. माझ्याजवळ होतं. तिने लिहिलं: तुमचं पत्र पोचलं. मी बरी आहे. नांदेडला बहिणीपाशी असते. खाली नाव.

गुरुजींनी ते वाचलं आणि घाबरले. "हे टाकू नको. त्याला काय वाटेल?"

"काय वाटंल?"

"अगं, पुस्तकावरचा विश्वासच जाईल."

"साहित्यात चालतंय," शेवंता म्हणाली आणि परत मेथी घेतली.

त्यांनी पत्रांच्या गठ्ठ्याची दोरी परत बांधली. मग म्हणाले, "चल आता घरी. पुरे झालं."

"त्या पुस्तकात येती का वो ती परत? शेवटाला?"

"कोण? सुगंधा? ती कशी येईल? ती तर..." ते तिथंच थांबले.

मी चहा केला. त्यांनी घेतला. पुस्तक आणि पत्रं ठेवून गेले. कार्ड शेवंताने टाकलं. औशाहून उत्तर आलं नाही. पुस्तक तिने वाचलं का, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मधली काही पानं मात्र हात लागून मळली आहेत. कुठली, ते बघून मी पुस्तक जागेवर ठेवलं.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला की गुरुजी गेले. सकाळी खुर्चीतच गेले. आम्ही गेलो. पुढं पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला शेवंता पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. बोलायला बरेच जण होते. एक पाहुणे वक्ते फक्त पुस्तकावरून गुरुजींना ओळखत होते. ते गहिवरून म्हणाले की गुरुजी आता आपल्या लाडक्या पत्नीच्या भेटीला गेले, कस्तुरीही तिथं वाट बघत असेल. समोर बसलेल्या भंतेजींनी खाली जमिनीकडे पाहिलं. नसरीन ताडकन उठली. शेवंताने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "असू दे गं," म्हणाली.

पण गुरुजींना जिवंतपणी मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. शेवंताचं स्वेटर आणि आधार कार्ड आणायला मी लातूरला गेले होते. दार उघडंच होतं. बैठकीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात आवाज आला म्हणून आत गेले, तर गुरुजी ओट्यापाशी उभे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. समोर कुकर. आणि हातात ती बरणी, माझ्या दाण्यांची. मी गेल्यावर उरलेले दिवस त्यांनी स्वतःच शब्द मोजले होते आणि दाणे टाकले होते. अख्खी कादंबरी बरणीत होती. पावभर डाळ भरली असेल.

"डबा येतो दुपारचा," ते म्हणाले. "आज आला नाही. अक्का, डाळीला पाणी किती घालतात?"

मी म्हटलं, "तुमच्या पुस्तकात आहे की. सुगंधा वरण करते ते."

मी टोमणा मारला होता. त्यांना कळला नाही. ते बाहेर गेले, पुस्तक घेऊन आले, पान काढलं आणि चष्मा वर करून मोठ्याने वाचलं. "ती डाळीत पाणी घालीत नसे, माया घालीत असे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. हसलं कुणीच नाही.

"एका वाटीला तीन वाट्या," मी म्हटलं. स्वेटर घेतलं, कार्ड घेतलं आणि निघाले.

स्वयंपाकघराची खिडकी फाटकाकडे आहे. फाटकाची कडी लावताना मी आत पाहिलं. रिकामी बरणी ओट्यावर होती आणि गुरुजी वाटीने कुकरमध्ये पाणी घालत मोठ्याने मोजत होते. एक. दोन. मग थांबले. वाटी हातात, मान वाकडी. दोन झाल्या की तीन, ते त्यांना आठवेना. त्यांनी कुकर उचलला, हात आडवा लावून दाणे सांडू न देता सगळं पाणी मोरीत ओतून टाकलं, आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.